डोक्यातलं लोखंड

वीस व्हॉल्युमचं हायड्रोजन पेरॉक्साईड म्हणजे किती टक्के, हा प्रश्न मी बारावीच्या मुलांना इतकी वर्षं घातला की माझ्यामागे मला ‘व्हॉल्युम मॅडम’ म्हणत. (त्यात माझ्या आवाजाचाही वाटा असावा.) ६८ ग्रॅम पेरॉक्साईडमधून २२.४ लिटर ऑक्सिजन निघतो, तिथून हिशेब सुरू करायचा आणि सहा टक्क्यांवर येऊन थांबायचं. दहा व्हॉल्युम म्हणजे तीन टक्के, तीस म्हणजे नऊ, चाळीस म्हणजे बारा. ही बाटली पार्लरमध्येही असते एवढं ऐकून होते. पण पार्लरवाल्यांना त्यातलं काय कळतंय, असंही माझं ठाम मत होतं. ठाम मतं बाळगायला शिक्षकी पेशा फार चांगला.

मग मी निवृत्त झाले. निवृत्त शिक्षिकेला कुम्हारीत दोनच उद्योग असतात, ट्यूशन घेणं आणि ट्यूशन का घेत नाही ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगणं. कुम्हारी म्हणजे रायपूर आणि भिलाईच्या मधलं गाव. हायवेनं जाणाऱ्यांना ते टोलनाक्यामुळे आठवतं, लोकलनं जाणाऱ्यांना चरोदा आणि सरोनाच्या मधलं स्टेशन म्हणून. खारून ओलांडली की रायपूर जिल्हा लागतो. आमचे सासरे अमरावतीकडचे. भिलाई स्टील प्लांटची पहिली ब्लास्ट फर्नेस १९५९ साली सुरू झाली, त्याच सुमारास ते नोकरीला इथे आले. निवृत्त झाल्यावर सेक्टरमधलं क्वार्टर सोडावं लागतं, म्हणून त्यांनी कुम्हारीत घर बांधलं. तेव्हापासून आम्ही इथलेच. घरात वऱ्हाडी, बाजारात छत्तीसगढी, शाळेत हिंदी, आणि पाहुणे आले की पुण्याची मराठी.

तर आमच्या गल्लीच्या तोंडाशी मेडिकल स्टोअरच्या वर केसांचा नि सौंदर्याचा क्लास निघाला. सहज चौकशीला गेले. भिंतीवर अभ्यासक्रम लावला होता: हेअर कलर, हायलाइट, पर्मिंग, रिबॉन्डिंग, पीएच, ऑक्सिडेशन. ऑक्सिडेशन! मला माहेर भेटल्याचा आनंद झाला. फी भरूनच खाली उतरले.

वर्गात चरोदा, जामूल, अहिवाऱ्याच्या मुली, सगळ्या विशीतल्या. त्यात एक चेहरा ओळखीचा निघाला. माझीच जुनी विद्यार्थिनी, बारावीला केमिस्ट्रीत सप्लीमेंट्री आलेली. तिच्या प्रयोगवहीवर मी लाल पेनानं ‘प्रॅक्टिकल उत्तम, थिअरी शून्य’ असा शेरा मारला होता, तो तिनं मला पहिल्याच दिवशी हसत हसत म्हणून दाखवला. ‘मॅडम, आप यहाँ?’ असं विचारताना तिच्या डोळ्यांत जे चमकलं ते गुरुभक्तीपेक्षा थोडं वेगळं होतं.

पहिला आठवडा माझा होता. ट्रेनरबाईंनी ‘ट्वेंटी व्हॉल्युम’ हा शब्द उच्चारायची खोटी, मी उठून फळ्यापाशी. केसाचं बाहेरचं आवरण क्युटिकल, कौलांवर कौल रचलेलं. अमोनियानं ती कौलं उघडतात. आतल्या कॉर्टेक्समध्ये पेरॉक्साईड शिरतं आणि दोन कामं करतं: मूळचं मेलॅनिन फिकट करतं, आणि पीपीडीचे (म्हणजे पॅरा-फेनिलीनडायअमीनचे) लहान लहान रेणू जोडून त्यांचे मोठे रंगीत रेणू बनवतं. मोठे झालेले रेणू बाहेर पडू शकत नाहीत, म्हणून रंग पक्का. हे पीपीडी हॉफमन या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं १८६३ साली वर्णिलेलं. पुढे पॅरिसमध्ये युजीन शूलर नावाच्या तरुण केमिस्टनं १९०७ साली केसांचा रंग तयार केला, १९०९ साली कंपनी काढली, तीच आजची लोरेआल. शूलर केमिस्ट, मीही केमिस्ट. यापुढचं वाक्य मी बोलले नाही, पण मुलींनी ते ओळखलं असणार, कारण त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या.

ट्रेनरबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्या हातात शेपटीचा कंगवा दिला. म्हणाल्या, ‘मॅडमजी, आता डोक्याचे चार भाग पाडा.’

कपाळापासून मानेपर्यंत एक भांग, कानापासून कानापर्यंत दुसरा. बस. भूमितीत याहून सोपं काही नसेल. पण माझे भांग खारूनच्या वळणानं गेले. चारातला एक भाग एवढा मोठा झाला की उरलेल्या तिघांची त्यात सोय लागली असती. शेजारी माझी सप्लीमेंट्रीवाली गप्पा मारत, एका कानात इअरफोन घालून, कंगव्याच्या शेपटीनं केस उचलत होती, आणि तिच्या डमीच्या डोक्यावर जणू पट्टी ठेवून रेघा मारलेल्या.

पर्मिंगच्या दिवशी तर माझी कीर्ती जिन्यावरून खाली मेडिकल स्टोअरपर्यंत पोचली. पर्मिंगची आता कुम्हारीत फारशी मागणी नाही. इथे सगळ्यांना रिबॉन्डिंगचे सरळ केस हवे. पण अभ्यासक्रमात ते आहे, आणि दोन्हींमागचं रसायन एकच. केस म्हणजे केराटिन नावाचं प्रथिन. त्याच्या साखळ्या एकमेकींना गंधक-गंधक बंधांनी बांधलेल्या असतात. अमोनियम थायोग्लायकोलेट लावलं की हे बंध सुटतात. मग केस रॉडवर गुंडाळून ठेवले तर कुरळे, इस्त्रीनं ओढले तर सरळ. शेवटी न्यूट्रलायझर लावून नव्या जागी बंध पुन्हा जोडायचे. बंध किती सुटले हे मधूनमधून एखादा रॉड उलगडून बघायचं असतं, त्याला टेस्ट कर्ल म्हणतात. वेळ टळली तर बंध नको तितके सुटतात आणि केसांत जोडायला काही उरत नाही.

हे सगळं मला पाठ होतं. इतकं पाठ होतं की डमीला थायो लावून झाल्यावर, वेळ आहे तर मुलींना जरा समजावून सांगावं म्हणून मी फळ्यापाशी गेले. सिस्टीनची रचना काढली. एस-एस बंध लाल खडूनं दाखवला. मागच्या बाकावरच्या मुलीनं शंका विचारली. निवृत्त शिक्षकाला शंका विचारणं ही किती गंभीर गोष्ट आहे याची तिला कल्पना नव्हती. मी ऑक्सिडेशन नंबरापर्यंत पोचले तेव्हा ट्रेनरबाईंनी नाकाला रुमाल लावून विचारलं, ‘मॅडमजी, टेस्ट कर्ल?’

पहिला रॉड उलगडला. केस रॉडलाच चिकटून आले. उरलेले ओल्या शेवयांसारखे लोंबत होते, ताणले तर ताणत जात आणि परत येत नसत. बंध सुटण्याचा सिद्धांत मी शंभर टक्के सिद्ध केला होता. डमी माणसाच्या खऱ्या केसांची, म्हणून महागाची. तिची किंमत मी मुकाट्यानं भरली आणि ती आता माझीच झाली म्हणून घरी घेऊन आले.

ती रात्री फ्रिजवर ठेवली होती. हे पाणी प्यायला उठले. त्यानंतर जे ओरडले ते ऐकून समोरच्यांनी फाटक उघडलं. सकाळी मी त्यांची समजूत घालायला पर्मिंगचा इतिहास सांगितला. कार्ल नेस्लर नावाच्या जर्मन केशभूषाकारानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यंत्रानं केस कुरळे करायची पद्धत काढली, तिचे पहिले प्रयोग त्यानं स्वतःच्या बायकोवर, कॅथरिनावर केले. पहिल्या दोन वेळी तिचे केस जळाले, टाळूही भाजली, असं सांगतात. तरी ती तिसऱ्यांदा बसली! हे ऐकून ह्यांनी दोन्ही हात आपल्या टकलाच्या कडेला उरलेल्या झालरीवर ठेवले आणि घर सोडून भाजी आणायला गेले. त्या दिवशी घरात भाजी आधीच होती.

त्यामुळे कलरच्या प्रॅक्टिकलला मॉडेल म्हणून मीच उरले.

केसांच्या रंगाला एक ते दहा अशा पायऱ्या असतात. एक म्हणजे काळाकुट्ट, दहा म्हणजे अगदी फिका सोनेरी. आपण भारतीय बहुतेक एक ते तीनमधले. काळा केस फिका करत नेला की तो सरळ सोनेरी होत नाही. आधी लाल, मग नारिंगी, मग पिवळा, अशा मुक्कामांवर थांबत जातो. प्रत्येक मुक्कामाचा नको असलेला रंग मारायला रंगचक्रातला समोरचा रंग घ्यायचा. लालावर हिरवा, नारिंगीवर निळा, पिवळ्यावर जांभळा. मला हे इतकं सुंदर वाटलं की मी वहीत रंगचक्र काढून ते रंगवलं आणि फ्रिजवर, डमीच्या खाली, चिकटवलं.

प्रॅक्टिकलआधी मॉडेलकडून एक फॉर्म भरून घेतात. त्यात एक रकाना होता: ‘मागील केमिकल ट्रीटमेंट’. मी लिहिलं, ‘निरंक’. पाणीसुद्धा केमिकलच आहे, असं आयुष्यभर मुलांना बजावणाऱ्या बाईनं लिहिलं. ट्रेनरबाईंनी विचारलं, ‘मेंदी लावता?’ मी म्हटलं, ‘कधीतरी. थोडीशी. नैसर्गिक.’ एका दमात तीन थापा. त्यांनी सुचवलं, एक बट कापून आधी टेस्ट करू. मी म्हटलं, माझे केस मला माहीत नाहीत होय!

आता आमची मेंदी. दर महिन्याला, वर्षानुवर्षं, सासूबाईंच्या लोखंडी कढईत ती रात्रभर भिजते. कढई सासऱ्यांच्या काळापासूनची, भक्कम, घरात सगळ्यांत ज्येष्ठ. मेंदीत घट्ट चहाचा अर्क घालायचा, वर लिंबू पिळायचं, सकाळपर्यंत ती काळी होते. काळी झाली की भारी मेंदी, ही आमच्याकडची समज. केमिस्ट्रीची मास्तरीण म्हणून माझ्या डोक्यात कधी आलं नाही की लिंबानं कढईचं लोखंड सुटतं, आणि चहातलं टॅनिन लोखंडाला भेटलं की काळं आयर्न टॅनेट बनतं. युरोपात शेकडो वर्षं याच जोडीतून लिहायची शाई करत. मी ती शाई डोक्यावर थापत होते. केस महिन्याला साधारण सेंटिमीटर-सव्वा सेंटिमीटर वाढतो, म्हणजे पाठीवर रुळणाऱ्या केसांत तीन-चार वर्षांचा हिशेब साठलेला असतो. ज्या घरातल्या कर्त्या पुरुषाचं आयुष्य भिलाईच्या लोखंडात गेलं, त्या घरच्या सुनेच्या केसांत दुसरं काय सापडणार?

लाइटनर पावडर नि वीस व्हॉल्युम कालवताना ट्रेनरबाईंनी नियम सांगितला, धातूचं भांडं घ्यायचं नाही, बाऊल प्लास्टिकचाच. का ते मी लगेच सगळ्यांना समजावलं. धातूच्या संगतीत पेरॉक्साईड भराभर फुटतं, उष्णता निघते. १८९४ साली फेंटन नावाच्या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानं लोखंड आणि पेरॉक्साईडच्या जोडीचा पराक्रम लिहून ठेवला आहे. मुलींनी माना डोलावल्या. बाऊल प्लास्टिकचा घेतला. लोखंड डोक्यात होतं, त्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

फॉइलच्या पुड्या डोक्याला लागल्या. थोड्या वेळानं टाळूपाशी ऊब जाणवली. मला वाटलं, पंखा बंद झाला असेल. माझ्या विद्यार्थिनीनं एका पुडीला हात लावला आणि चटकन मागे घेतला. ‘मॅडम, ये तो गरम होवत हे!’ मी म्हटलं, ‘घाबरू नकोस, ही एक्झोथर्मिक रिअॅक्शन. यात...’ तिनं पुढचं ऐकलं नाही. माझं बखोट धरून मला बेसिनपाशी नेलं, मान मागे केली आणि नळ सोडला. ‘एक्झोथर्मिक’चा उरलेला भाग मी पाण्याखाली बोलले. तिनं वर्गात माझं ऐकलं नव्हतं म्हणून नापास झाली होती. त्या दिवशीही ऐकलं नाही म्हणून माझी टाळू वाचली.

धुऊन आरशात पाहिलं. टोकांकडचे काळे ते काळेच. मधला पट्टा नारिंगी, जागोजागी खरबरीत. मुळाशी नव्यानं आलेले पांढरे केस किंचित पिवळट. ट्रेनरबाई म्हणाल्या, ‘आता काही करू नका. तेल, कंडिशनर, आराम. पंधरा दिवसांनी बघू.’

पंधरा दिवस! माझ्याकडे रंगचक्र होतं. नारिंगीवर निळा, हे फ्रिजवर लिहिलेलं होतं. संध्याकाळी भिलाईच्या पॉवर हाऊस बाजारातून निळ्या बेसचा अॅश शेड आणला आणि न्हाणीघराला आतून कडी लावली. नारिंगी पट्ट्यावर लावताना तो मुळांवरही ओघळला, म्हटलं ओघळू दे, एकसारखं दिसेल. मुळं पिवळट होती. पिवळ्यावर निळा घातला की कोणता रंग होतो, हे रंगपेटी मिळालेल्या पहिलीच्या पोराला विचारा. मला विचारू नका, मी एम. एस्सी. आहे.

कडी काढून बाहेर आले तेव्हा मुळाशी हिरवा, मध्ये विटका नारिंगी आणि कानाजवळ चुकून वाचलेली पांढरी बट. ह्यांनी वर्तमानपत्र खाली केलं. बराच वेळ बघितलं. म्हणाले, ‘पंधरा ऑगस्टला अजून वेळ आहे ना?’

खरं तर दुसऱ्या दिवशी दिव्यांची अवस होती. आपल्याकडे आषाढ अमावास्या, इथे त्याच दिवशी हरेली. छत्तीसगढचा पहिला मोठा सण, नांगर-कुदळीची पूजा, गुळाचे चिले, गेडीवर चढून चिखलातून हिंडणारी पोरं. सासूबाई पाटावर समया घासून ओळीनं मांडत होत्या. त्यांना कमी दिसतं असा माझा समज होता. ‘मायबाई!’ त्या म्हणाल्या, ‘शंकराच्या डोक्शावर बेल वाह्यते लोक. तुह्यावर कोनं वाह्यला वं?’

मी कणकेच्या दिव्यांचं निमित्त करून स्वयंपाकघरात दडले, पण हरेलीला राऊत, म्हणजे गावचा गुराखी, दाराशी कडुनिंबाची डहाळी खोचायला येतो आणि त्याला तांदूळ घरच्या बाईनंच द्यायचे असतात. मी पदर घट्ट ओढून बाहेर गेले. वाऱ्याला सणाची काही कदर नसते. राऊतानं माझ्या डोक्याकडे पाहिलं, हातातल्या डहाळीकडे पाहिलं, तांदूळ घेतले आणि दाराला नेहमीपेक्षा जरा मोठी डहाळी खोचून गेला.

क्लासला मी स्कार्फ गुंडाळून गेले. इथे उन्हाधुळीमुळे स्कूटीवरच्या मुली डोळे सोडून सगळं झाकतात, त्यामुळे रस्त्यात कुणाला संशय आला नाही. वर्गात पंख्याखाली बसल्यावरही सोडेना, तेव्हा माझ्या विद्यार्थिनीनं हळूच गाठ सोडली आणि आख्ख्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, ‘अई! तुंहर चुंदी तो हरियर होगे!’

मग तिनं मला खुर्चीत बसवून फॉर्म पुन्हा भरून घेतला. ती विचारत होती, मी खाली मान घालून उत्तरं देत होते. मेंदी किती वर्षं? किती दिवसांनी? भिजवता कशात? कढईचं नाव ऐकताच तिनं पेन खाली ठेवलं. मागून एक बट कापली, काचेच्या वाटीत वीस व्हॉल्युम घेतलं, त्यात अमोनियाचे वीस थेंब टाकले आणि बट बुडवून अर्धा तास वाट बघत बसली. वाटी कोमट झाली, बुडबुडे आले. धातू आहे, हे दाखवणारी चाचणी ती हीच, आणि ती फुकट होते.

नंतरचं सगळं तिनं फारसं न बोलता केलं. मेंदीचा जुना भाग जमेल तितका कापून केस खांद्यावर आणले. पेरॉक्साईडचा थेंबही नसलेला सेमी-परमनंट रंग निवडला, लालसर झाक असलेला गडद तपकिरी, कारण हिरव्याला लालच मारतो. तोही लगेच लावला नाही. कानामागे पॅच टेस्ट करून मला ४८ तास थांबायला लावलं. मी म्हटलं, ‘अगं, माझं काम नडलंय.’ ती म्हणाली, ‘रंगाची अॅलर्जी पहिल्या वेळी गप्प बसून दुसऱ्या वेळी बोलू शकते, मॅडम. प्रत्येक वेळी टेस्ट करायची, आपणच नाही का सांगायच्या, मोजमाप दोनदा घ्यावं म्हणून?’ ते मी बुरेटबद्दल सांगितलं होतं. पण तिला लक्षात राहिलं होतं.

सत्राच्या शेवटी निकाल लागला. तिला दोन्हींत वरचे गुण. माझ्या कागदावर ट्रेनरबाईंनी लिहिलं होतं, ‘थिअरी उत्तम’. प्रॅक्टिकलपुढे त्यांनी काहीच लिहिलं नव्हतं, नुसती पुढची तारीख घातली होती. शेरे लिहिण्यात माझी हयात गेली, पण इतका सभ्य शेरा मला कधी सुचला नाही.

तर त्या पुढच्या तारखेसाठी मला मॉडेल हवं आहे. कुम्हारी, चरोदा, भिलाई-तीन, कुठूनही या. वय, लांबी, पांढरेपणा, कशाचीही अट नाही. दोन दिवस आधी कानामागच्या टेस्टसाठी एक चक्कर मारावी लागेल. मेंदी लावत असाल तर लाजू नका, पण कढई कोणती ते फॉर्मवर खरं लिहा. हात माझा नसेल, मी फक्त बाऊल धरीन. माझी विद्यार्थिनी शेजारी उभी असेल, आणि तिनं मला काम चालू असताना बोलायची बंदी केली आहे. चहा मिळेल, फक्त प्यायला.